वकिलाने कापून घेतलेल्या पैशांवर टॅक्स कुणी भरायचा?

नमस्कार मंडळी,

नाव देत नाही, सेटलमेंटमध्ये गुप्ततेची अट आहे. वय जास्त म्हणून नोकरीवरून काढलं, त्याबद्दल कंपनीवर केस केली होती. गेल्या वर्षी ३ लाख डॉलरवर मिटली. वकिलांनी करारातले ४० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, आधीच कापून घेतले. आता डब्ल्यू-२ (पगाराचा फॉर्म) आणि १०९९ (पगाराबाहेरच्या उत्पन्नाचा फॉर्म) आलेत, दोन्हींची बेरीज पूर्ण ३ लाख! जे माझ्या खात्यात आलेच नाही त्यावर टॅक्स का भरू? १०९९ चा आकडा कमी करून दाखवला तर चालेल का?

एक सभासद, एडिसन

---

ताई,

कृपा करून आकडा कमी करू नका. त्याच फॉर्मची प्रत आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे जाते. मेळ बसला नाही की नोटीस येते.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी २००५ मध्ये बँक्स नावाच्या करदात्याच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय: दावा तुमचा, म्हणून सगळी रक्कम तुमचं उत्पन्न. वकील टक्केवारीवर काम करत असला तरी तो भागीदार होत नाही, त्याची फी हा तुमचा खर्च.

मात्र हा खर्च तुम्हाला पूर्ण वजा करता येतो. ऑक्टोबर २००४ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावाच्या दाव्यांना ही सवलत दिली (बँक्स यांचं सेटलमेंट आधीचं, त्यांना ती मिळाली नाही). त्याआधी किती लोकांचं नुकसान झालं असेल! तेव्हा फी शेड्यूल ए वर (एकेक खर्च मांडून वजावट घेण्याचा फॉर्म) दाखवावी लागे, उत्पन्नाच्या २ टक्क्यांपर्यंतचा भाग सुटत नसे आणि एएमटीमध्ये (वजावटी कमी करून लावला जाणारा पर्यायी किमान कर) तर काहीच मिळत नसे. ती वजावट २०१८ पासून बंद आहे, २०२५ च्या कायद्याने कायमचीच. म्हणून टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये फी शेड्यूल ए खाली टाकलीत तर शून्य फायदा. तुमची जागा शेड्यूल १, ओळ २४एच. तिथे १ लाख २० हजार लिहा, एजीआयच (टॅक्ससाठी धरलं जाणारं समायोजित उत्पन्न) कमी होईल.

डब्ल्यू-२ वरच्या थकीत पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (सरकारी पेन्शन आणि आरोग्य विम्याचे कर) मात्र फी वजा न करता कापलं जातं, ते या वजावटीने परत येत नाही.

वकिलांचं फी-पत्रक आणि सेटलमेंटची प्रत जपून ठेवा. दावा भेदभावाचा होता हे कागदावर दिसलं पाहिजे.

पिस्काटावेहून, तुमचा

---

दादा, आमची केस अजून सुरू आहे. कंपनी हप्त्यांत पैसे द्यायचं म्हणतेय. चालेल का?

सिअ‍ॅटलहून

---

सही करण्याआधी विचारलंत, फार बरं झालं. वजावट त्या वर्षी उत्पन्नात धरलेल्या सेटलमेंटच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. पहिल्या वर्षी १ लाख आले आणि वकिलांनी १ लाख २० हजारांची सगळी फी तेव्हाच घेतली, तर १ लाखच वजा होतील. प्रत्येक हप्त्यातून त्यांनी आपली टक्केवारी घ्यावी असं लिहून घ्या.

मानसिक त्रासाची भरपाई करमुक्त असते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९९६ पासून शारीरिक इजेच्या किंवा शारीरिक आजाराच्या भरपाईलाच ती सूट आहे. आणि पैसे आले की त्या तिमाहीचा एस्टिमेटेड टॅक्स (अंदाजाने आगाऊ भरायचा कर) भरा, रिटर्न भरायच्या एप्रिलपर्यंत थांबलात तर दंड लागू शकतो.