मदत हवी आहे: कोलोनियाचं दीपगृह, बाबांना वर चढता येईल का?

पाणकोंबडी: आम्ही सध्या ब्यूनोस आयर्सला आहोत. शनिवारी नदीपलीकडे कोलोनियाला जाऊन संध्याकाळी परत यायचंय. बाबांना दीपगृह वरपर्यंत चढायचंय. पायऱ्या किती, कशा आहेत? आज रात्री बोटीची तिकिटं काढायचीत, कृपया लवकर सांगा.

दूरदेशी: पासपोर्ट कुठले? नदीपलीकडे म्हणजे उरुग्वे, दुसरा देश. आर्जेन्टिनाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकाल.

पाणकोंबडी: भारतीय. उरुग्वेचा व्हिसा तिघांचाही आहे, इथला अनेक प्रवेशांचा आहे. मी पायऱ्यांचं विचारलंय.

वसईकर: त्या गावाचा इतिहास वाचून जा. पोर्तुगीजांनी १६८० मध्ये वसवलं, मग स्पॅनिशांशी शंभर वर्षं ओढाताण, शेवटी १७७७ च्या तहात स्पेनकडे गेलं. सुस्काऱ्यांची गल्ली चुकवू नका. फरसबंदी मधोमध खोलगट आहे, पावसाचं पाणी गल्लीच्या मधूनच वाहतं. ही पोर्तुगीज पद्धत. मी वसईच्या किल्ल्यात वाढलेला माणूस, तिथे उभा राहिलो आणि घरी आल्यासारखं वाटलं.

नाना_पेठ: घड्याळाकडे लक्ष ठेवा. उरुग्वे एक तास पुढे असतं. जानेवारी २०१३ मध्ये आमची परतीची बोट त्यामुळेच चुकली.

दूरदेशी: नाना, ते जुनं झालं. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची ती उन्हाळी वेळ उरुग्वेने २०१५ मध्ये बंद केली. आता दोन्हीकडे एकच वेळ. उगाच घाबरवू नका.

नाना_पेठ: घाबरवत नाही, रात्र बाकावर काढलीय म्हणून सांगतोय. तिकिटावरची वेळ दोनदा वाचायला काय जातं?

मीठभाकर: बाबांचं वय? गुडघे कसे आहेत?

पाणकोंबडी: ७१. डावा गुडघा दुखतो, चढताना कमी, उतरताना जास्त. हे आधीच लिहायला हवं होतं.

मीठभाकर: मग नीट सांगते, मी सासूबाईंना घेऊन गेले होते. पायऱ्या ११८. खालचा बुरूज चौकोनी, वरचा गोल. चौकोन संपतो तिथे बाहेर एक सज्जा आहे, तिथे थांबता येतं. त्याच्यावर जिना फार अरुंद होतो, उतरणारा माणूस आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं. सासूबाई पहिल्या सज्ज्यावर थांबल्या. तिथूनही कौलारू छपरं आणि चहाच्या रंगाची नदी दिसते. सकाळी उघडल्या उघडल्या चढा, गर्दी नसते. उतरताना तुम्ही बाबांच्या पुढे राहा. सुटे उरुग्वेयन पेसो जवळ ठेवा.

कोकणकडा: एवढ्या लांब कशाला? कोर्लईला जा. कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीज किल्ला, डोंगरावर दीपगृह, आणि गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात.

दूरदेशी: त्या ब्यूनोस आयर्समध्ये आहेत हो. तिथून कोलोनिया सव्वा तासावर आहे. कोर्लई किती तासांवर?

वसईकर: पण कोर्लईचा मुद्दा खरा आहे. आपल्याकडचं कोणी बघत नाही.

मीठभाकर: कोर्लईसाठी वेगळा धागा काढा ना. पाणकोंबडी, चढायला अवघड आहे हे बाबांना सांगितलंत का? हट्ट कशासाठी आहे?

पाणकोंबडी: बाबा दीपगृह खात्यात होते. देवगडला सात वर्षं. रोज संध्याकाळी जिना चढायचे, मी मागे कंदील घेऊन असायचे. पितळ पुसायचं फडकं त्यांच्या खांद्यावर असायचं, घरी आले की शर्टाला ब्रासोचा वास. आता म्हणतात, एवढ्या लांब आलोय तर एक परदेशातलं आतून बघू दे. त्यांना अर्ध्यावर थांबा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

नाना_पेठ: मग थांबा म्हणू नका. गुडघ्याला पट्टा बांधा आणि सावकाश जाऊ द्या. त्यांना जिन्याची सवय आपल्यापेक्षा जास्त.

मीठभाकर: नाना, पट्ट्याने उतरणं सोपं होत नाही. पण मलाही वाटतं, पहिल्या सज्ज्यावर पोचल्यावर त्यांनाच ठरवू द्या. आणि १८५७ चं बांधकाम आहे हे सांगा. शेजारी सान फ्रान्सिस्कोच्या मठाचे पडके खांब आहेत, त्या अवशेषांतच दीपगृह उभं केलंय.

पाणकोंबडी: सकाळची पहिली बोट घेतली. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, ११८ काही फार नाही.