अनुभव धागा: ड्रिंक अँड ड्राइव्हची केस आणि वकिलाचा शोध (सातारा-सांगली)

दारू पिऊन गाडी चालवणं चूकच. त्यावर उपदेश करायला घरची मंडळी समर्थ आहेत, इथे तो नको. इथे पुढचं विचारायचंय. नाक्यावर मशीनमध्ये फुंकून झालं, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात लागली, हातात कागद आला. आता वकील कुठून आणायचा? सातारा, कऱ्हाड, वाई, सांगली, मिरज, विटा, जत, जिथे असाल तिथलं लिहा. वकिलांची नावं, फोन नंबर टाकू नका. निवडताना काय बघितलंत ते लिहा.

नव्यांसाठी थोडक्यात: मोटार वाहन कायदा, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेटसारखी पावती फाडून जागेवर मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं.

माणदेशी
धाकटा भाऊ साताऱ्यात राहून पोलीस भरतीची तयारी करतो. मित्राच्या हळदीहून येताना कोरेगाव रस्त्याला सापडला. आबांनी सवयीप्रमाणे गावातल्या पुढाऱ्याला फोन लावला, पुढाऱ्यानं वकील दिला. माणूस मोठा, पण सगळी हयात जमिनीच्या दाव्यांत गेलेली. म्हणाले, "काय नाही, गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, जेवायला घरी." पोरगा काय करतो हे एका शब्दानं विचारलं नाही. आबा खूश. मला काही पटेना.

आमच्या मेव्हण्याचं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, एक दिवस सकाळी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागं बसा. असल्या केसेसला रोज कोण उभं राहतंय ते आपोआप दिसंल." बसलो. तिथे एक तिशीतले वकील दिसले. आवाज बेताचा, पण प्रत्येक फाइल हातात घेण्याआधी वाचलेली. बाहेर आल्यावर गाठलं. त्यांचा पहिला प्रश्न, "पोरगा शिकतोय की नोकरीला?" भरतीचं सांगितल्यावर थांबले. शिक्षा झाली तर साक्षांकन नमुन्यात (नोकरीआधी पडताळणीसाठी भरायचा फॉर्म) लिहावी लागते, केस चालू असली तरी तीही लिहावी लागते, आणि लपवलं तर त्या लपवण्यापायीच नोकरी जाऊ शकते. हे आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

मग मशीनमधून निघालेली चिठ्ठी मागितली. बसच्या तिकिटाएवढा कागद, घडीवर शाई उडालेली. त्यांनी तो खिडकीपाशी धरून वाचला: आकडा, वेळ, मशीनचा क्रमांक, सही कोणाची. शेजारी दवाखान्याचा कागद ठेवला आणि दोन्हींच्या वेळा वहीत लिहून घेतल्या. त्याच कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे अटक केली असेल तर २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. "यानं केस उडते असं समजू नका, पण कागद काय म्हणतोय ते मला आधी कळलं पाहिजे," म्हणाले. त्याच दिवशी वकीलपत्रावर सही केली. केस चालू आहे, निकाल लागला की लिहीन. आबा अजून म्हणतात, जेवायला घरी आलो असतो.

मिरजेची_माई
सांगलीचं जिल्हा न्यायालय विजयनगरला आहे. गेटवरच एक जण पुढे आला, "मावशी, गाडी सोडवायचीय का? साहेब आपल्यातलेच." वकील नव्हता तो, नुसता मध्ये पडणारा. त्याला टाळून मी आमच्या सोसायटीतल्या निवृत्त बेलिफांना विचारलं. त्यांनी दोन नावं सांगितली आणि कोणाकडे का जाऊ नये हेही सांगितलं. दुसरं जास्त उपयोगी पडलं.

काळा_कोट_कऱ्हाड
मी स्वतः वकील आहे, म्हणून एवढंच. बार कौन्सिलच्या नियमांनी आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे तुम्ही न विचारता जो वकील तुमच्या मागे लागतो, तिथेच शंका घ्या. माईंना भेटला तसा माणूस पाठवणाराही त्यातच आला. "निकाल नक्की तुमच्या बाजूनं" म्हणणाऱ्याला तर नमस्कारच करा. आणि केसचा सीएनआर क्रमांक (कोर्टातला केसचा ओळख क्रमांक) मागून घ्या. तो १६ अंकाक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. पक्षकारानं तारीख स्वतः बघितली की वकीलही जागा राहतो, हे मी आमच्याच विरोधात बोलतोय!

ऊसवाला
आपला ट्रॅक्टर कारखान्याला असतो. हंगामात ड्रायव्हर तासगाव रोडला पकडला. बिचाऱ्याकडं वकिलाला द्यायला पैसे कुठले. मी देणार होतो, पण आमच्या तलाठी मित्रानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितलं. ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतंय. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील फुकट. बायका, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील म्हणजे कसातरी असंल असं वाटलेलं. बाई वकील आल्या, तारखेला आमच्या आधी हजर. ट्रॅक्टर ताब्यात मिळायचा अर्ज मात्र मालकाच्या नावानं वेगळा करावा लागला, त्याचा खर्च मीच केला.

धागाकर्ता
@ऊसवाला, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. अपघात झालेला असेल तर काय होतं, कोणाचा अनुभव?

वाईकर७२
आमच्या साडूंचा. महाबळेश्वरहून उतरताना पसरणी घाटात दुचाकीला धक्का, समोरच्याचा पाय मोडला. मग १८५ एकटं राहत नाही. भारतीय न्याय संहितेचं २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं), १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) अशी कलमं येतात. जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागतो, ते प्रकरण निराळं. साडूंनी आधी एकच वकील दोन्हीला ठेवला, तो फौजदारीत तरबेज, दाव्याच्या तारखांना ज्युनिअर पाठवायचा. शेवटी दाव्यासाठी दुसरे घेतले. विमा कंपनीनं स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला नकार दिला, दारूची अट पॉलिसीत छापलेलीच असते. जखमीला भरपाई देऊन ती आपल्याकडून वसूल करायचीही त्यांची मागणी आहे. म्हणून वकिलाकडे जाताना पॉलिसीचे सगळे कागद न्या, नुसतं पहिलं पान नव्हे.

माणदेशी
फी कोणीच लिहिली नाही. आमच्या वकिलांनी पूर्ण केसचा आकडा सांगितला, टप्प्यानं द्यायचा. पुढाऱ्याचे वकील दर तारखेला मागणार होते. दोन्ही पद्धती चालतात, पण आधी विचारून घ्या आणि पावती मागा. आबांना पावती मागायची लाज वाटत होती, मी मागितली.