परदेशात राहताना खातं कोणतं उघडावं?

प्रश्न: नोकरीसाठी दोन-तीन वर्षं परदेशात जायचं आहे. पगार तिथल्या चलनात, थोडे पैसे दरमहा मायदेशी. स्थानिक बँक हवीच, की मल्टी-करन्सी ॲप पुरेल?

प्रतिसाद १: पगार-भाड्यासाठी स्थानिक खातंच बरं. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर: घरमालक खाते क्रमांक मागतो, बँक भाडेकरार मागते! कंपनीचं पत्त्यासह पत्र चालतं का, ते बँकेला आधीच विचारा. तोवर ॲप वापरा, पण मोठी शिल्लक ठेवू नका. बरीच ॲप्स बँक नसतात, त्यांना ठेव विमा लागू होत नाही.

प्रतिसाद २: ‘शून्य शुल्क’वर भुलू नका, कमाई विनिमय दरात असते. मधला बाजारदर (खरेदी आणि विक्री दरांच्या मधोमधचा) आणि बँकेचा दर एकाच क्षणी ताडून पाहा. २ टक्के फरक म्हणजे १,०००मागे २० गेले. शिवाय स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून) पाठवलेल्या पैशांतून वाटेतल्या बँका शुल्क कापून घेऊ शकतात. फी किंवा भाडं पूर्ण पोचायला हवं असेल तर शुल्काच्या रकान्यात ‘शेअर्ड’ (शुल्क दोघांत वाटून) ऐवजी ‘अवर’ निवडा.

प्रतिसाद ३: जुनं खातंही सांभाळा. निवासी दर्जा बदलल्याचं बँकेला कळवा. ओटीपीचं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर खातं असून नसल्यासारखं. नव्या बँकेच्या कर-रहिवासाच्या फॉर्ममध्ये (करासाठी तुम्ही कुठल्या देशाचे रहिवासी) सवयीने जुनाच देश लिहिला, तर सीआरएसखाली (देशांनी खात्यांची माहिती एकमेकांना देण्याची व्यवस्था) माहिती भलत्याच करखात्याकडे जाऊ शकते.

प्रश्नकर्ता: ‘अवर’मध्ये सगळं शुल्क माझ्याकडून?

प्रतिसाद २: हो.