‘मानसजप (मोठ्या आवाजात)’ : हे बरोबर आहे का?

प्रश्न : परभणीत एका ध्यानवर्गाचं पत्रक हाती आलं. त्यात ‘सामूहिक मानसजप (मोठ्या आवाजात)’ असं छापलंय. जपाला आवाज लागतोच का? आमची आजी गोमुखीत (जपमाळेच्या पिशवीत) हात घालून बसायची. ओठ हलायचे, पण ऐकू काही यायचं नाही. घरातले म्हणायचे, ‘आजी पुटपुटायली.’ मग तो जप नव्हे का?

— जपच तो, आणि त्याला नावही आहे : उपांशू. ओठ हलतात, शेजारच्याला कळत नाही. ऐकू येतो तो वाचिक, ओठही हलत नाहीत तो मानस. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘जप्’चे अर्थ ‘व्यक्तायां वाचि’ (स्पष्ट बोलणं) आणि ‘मानसे च’ (मनातही) असे दोन्ही दिलेत. मनुस्मृतीत (2.85) जपयज्ञ विधियज्ञाच्या (विधिपूर्वक केलेल्या यज्ञाच्या) दहापट, उपांशू शंभरपट, मानस हजारपट. हे आकडे हिशेबाचे नसावेत. आवाज आत आत जातो तशी चढण दाखवायची आहे, एवढंच. पत्रकवाल्यांना ‘वाचिक’ म्हणायचं असेल.

— लिहिताना एकटा शब्द ‘उपांशू’, समासात मात्र ‘उपांशुजप’. गुरू आणि गुरुमंत्र, तसंच.

— थोडं उलट बोलतो. वेदपठणात मनातल्या मनात म्हणून भागत नाही. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे उच्चाराचे स्वर कानानंच शिकायचे. स्वर चुकला की गुरुजी तिथंच थांबवतात. पण पठण म्हणजे जप नव्हे. योगसूत्रात पतंजली प्रणवाबद्दल, म्हणजे ॐकाराबद्दल, म्हणतात, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ (1.28) : जप करायचा आणि अर्थ मनात धरायचा. निरुक्तकार यास्कही ‘मंत्र’ हा शब्द मननाशी जोडतो. तेव्हा ‘मंत्र म्हटला’ आणि ‘मंत्राचा जप केला’ यात फरक ठेवावा. आपल्याकडं दोन्हीला सर्रास एकच शब्द वापरतात.

— प्रणवाचं निघालंच आहे तर, आपेगावच्या ज्ञानोबांनी ॐकाराची अक्षरं गणपतीच्या अंगावरच मांडली : अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. नुसत्या नादाला इतकं डोळ्यांपुढं आणलेलं मी दुसरीकडं वाचलं नाही.

— आणि ‘जपून जा’ मधलं जपणं?

— ते वेगळं काढा, इथं गुंता होईल.

प्रश्नकर्ता : पत्रकवाल्यांना फोन केला. ‘मोठ्या आवाजात’ काढतो म्हणाले, ‘मानस’ राहू द्या, बरं वाटतं ऐकायला. भोंगा मात्र सांगून ठेवलाय म्हणे.