कोल्हा काकडीला राजी : फायरफॉक्सवाल्यांनो, आपापले किस्से काढा

ताकपिठं

परवा एका सरकारी साइटवर सासूबाईंचा फॉर्म भरत होते. फोटो चढवला, सही चढवली (दोन्ही २० केबीच्या आत, ज्यांनी केलंय त्यांना कळेल), ओटीपी आला, आणि शेवटचं बटण दाबल्यावर लाल अक्षरात पाटी : कृपया क्रोम वापरा. भरलेलं सगळं गेलं. माझ्या तोंडून जे निघालं ते सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

राग फॉर्मचा नव्हताच. हीच पाटी मी वीस वर्षांपूर्वी वाचत होते. तेव्हा तिच्यावर इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ६ लिहिलेलं असायचं आणि खाली '८०० बाय ६०० मध्ये पाहावे' अशी आज्ञा.

२००५. मी एस.वाय.ला, नाशिकात. घरी डायल-अप. भावाच्या मित्राने फायरफॉक्स १.० या ब्राउझरचं (म्हणजे आपल्या कोल्ह्याचं) नाव सांगितलं. फाइल पाच एमबीच्या आतली, पण उतरवायला तीन रात्री लागल्या, कारण आत्याला नेमकं तेव्हाच फोनवर बोलायचं असायचं आणि तिने फोन केला की आमचं कनेक्शन ढुम्म. शेवटी एकदाचा उघडला. एकाच खिडकीत दोन पानं! उड्या मारत येणाऱ्या जाहिराती गायब! मी आईला ओरडून बोलावलं. ती तव्यावर पोळी टाकून आली, पाहिलं, म्हणाली, "बरं, मग?" आणि पोळी करपली म्हणून मलाच बोलली.

तिथून मी जी सुटले! फाइलचे तुकडे करून चार फ्लॉप्यांवर घ्यायचे आणि मैत्रिणींच्या घरी जायचं. तिसरी फ्लॉपी हमखास करप्ट. मग सायकलवरून परत घरी, तिसरी नव्याने भरायची, परत तिकडे. मावशीकडे, शेजारच्या कुलकर्णीकाकांकडे, कॉलेजच्या लॅबमध्ये (सरांनी तीनदा काढला, मी चारदा टाकला). कुणी एक पैसा देत नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं, खरं म्हणजे.

तर असे बिनपगारी प्रचारक इथे अजून कोण आहेत? लिहा.

निवांत_नाना

मी पहिला. मी क्रोम वापरतो. चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

हळवी_हळद

तिसरी फ्लॉपी!!! अगदी अगदी. माझी तर नेहमी शेवटची जायची, म्हणजे अजूनच वाईट.

सायबरवाला

२००४ ते ०९ कराडात कॅफे होता माझा, बारा मशीन, तासाला वीस रुपये. फायरफॉक्स मी तत्त्वासाठी वगैरे टाकला नाही, पाठदुखीसाठी टाकला. आयईमध्ये पोरं काय काय उघडायची, आठवड्याला टूलबारांची रांग लागायची. वर पाच पट्ट्या आणि खाली साइटला चार बोटं जागा. दर रविवारी वाकून बारा मशीन फॉरमॅट. कोल्हा टाकल्यावर ते महिन्यावर गेलं.

पण गिऱ्हाईक! "ओ, इंटरनेट गेलंय यातलं." म्हटलं हे काय आहे? "हे नाही, निळं ई." रोज दहा वेळा. शेवटी फायरफॉक्सच्या शॉर्टकटला नाव दिलं 'इंटरनेट' आणि चित्र लावलं निळ्या ई चं. दुसऱ्या दिवसापासून एकही तक्रार नाही. एक गुरुजी तर म्हणाले, तुमच्याकडचा एक्सप्लोरर फार फास्ट आहे.

ताकपिठं

सायबरवाला, हहपुवा (हसून हसून पुरी वाट)! मी बाबांना हेच केलं होतं. ते अजून फायरफॉक्सला 'एक्सप्लोरर' म्हणतात. मी सुधारत नाही.

निवांत_नाना

कोल्ह्याने कातडं पांघरलं म्हणायचं.

ओसरीवरची

कराडला कुठे होता कॅफे? स्टँडजवळ का? मी तिथे सीईटीचा फॉर्म भरलेला!

सायबरवाला

स्टँडच्या मागे, जिन्याने वर. खाली वडापाव.

ओसरीवरची

तोच!!! वडापाववाल्या काकांची मिरची अजून आठवते. आहेत का ते?

सायबरवाला

मुलगा बघतो आता. मिरची तीच.

शुद्धलेखनाचा_बळी

भक्त होतो, पण एक कबुली. मराठी वाचायला मी चोरून आयईच उघडायचो. विंडोज एक्सपीवर फायरफॉक्स २ मध्ये देवनागरीची पार दैना. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, 'किती' चं भलतंच काहीतरी दिसायचं. त्यावर उपाय म्हणजे रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर टिक करायची. टिक केली की तो विंडोजची सीडी मागायचा. आणि ओरिजिनल सीडी कोणाकडे होती हो तेव्हा? ज्याने असेंबल करून दिलं तो 'उद्या आणतो' म्हणायचा.

टिक करूनही दोन्ही कडा सरळ जुळवलेला मजकूर असला की अक्षरं तुटायचीच. मित्राला अभिमानाने दाखवायला गेलो, त्याने नेमकं मराठी पान उघडलं. म्हणाला, "तुझ्या कोल्ह्याला बाराखडी येत नाही." फायरफॉक्स ३ आल्यावर माझ्याकडे ते नीट झालं. मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन तेच पान उघडून दाखवलं. तो तोवर ते विसरलाही होता. मी नव्हतो विसरलो.

टिंब_टिंब

३ म्हणाल्यावर राहवलं नाही. १७ जून २००८! डाउनलोड डे! फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला एका दिवसात सगळ्यात जास्त डाउनलोडचा गिनीज रेकॉर्ड करायचा होता. आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली, आम्ही सांगलीच्या हॉस्टेलात अकरा जण एका खोलीत, आणि सुरू व्हायच्या वेळेला त्यांचा सर्व्हरच झोपला. सगळे रिफ्रेश रिफ्रेश. पहाटे कधीतरी झालं. चोवीस तासांत ८०,०२,५३०. हा आकडा मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे (ती इथे वाचत नाही).

नंतर त्यांनी आपलं नाव घालून प्रमाणपत्र छापायची सोय दिली होती. मी रंगीत प्रिंट काढली, दहा रुपये. आणि कॅम्पसच्या वेळी बायोडेटात 'यश' या मथळ्याखाली लिहिलं : गिनीज विश्वविक्रमात सहभाग. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "कसला विक्रम?" मी खरं सांगितलं. समोरचे तिघे एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यातले एक हळूच म्हणाले, "मीपण केलं होतं."

नोकरी मिळाली नाही.

हळवी_हळद

शेवटच्या ओळीने मारलं. :D

रेवाकाठ

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत. २००४ मध्ये फायरफॉक्सच्या चाहत्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली, १६ डिसेंबरला आली. पैसे देणाऱ्यांची सगळ्यांची नावं त्यात, दहा हजारांच्या आसपास, मुंगीएवढ्या टायपात. नवऱ्यानेही पैसे दिले होते, मला न सांगता. सकाळी बर्फात जाऊन चार प्रती घेऊन आला. मग जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून, सासऱ्यांचं पंचांग बघायचं भिंग घेऊन बसला. मी ऑफिसला गेले, आले, तरी हा तिथेच. सापडलं एकदाचं. फ्रेम केलं.

तीन घरं बदलली, फ्रेम अजून आहे. मुलाने एकदा विचारलं, बाबा, यात कोण कोण वारलंय?

ताकपिठं

रेवाकाठ, अगं कसला मुलगा आहे तुझा!

जुनाट_जात्यावरची

मला एक सांगा, माझ्या फोनवर बातम्या वाचताना इतक्या जाहिराती येतात की बातमी सापडत नाही. काय करावे? (धाग्याशी संबंध नाही, क्षमस्व.)

टिंब_टिंब

मावशी, संबंध आहे. ॲन्ड्रॉइड असेल तर फायरफॉक्स घ्या, त्यातच ॲड-ऑन्समध्ये (ब्राउझरला वरून जोडायच्या सोयी) जाऊन यूब्लॉक ओरिजिन टाका, ते जाहिराती अडवतं. मोबाइलच्या क्रोममध्ये असली भर घालताच येत नाही, आणि कॉम्प्युटरवरच्या क्रोमनेही यूब्लॉक ओरिजिन आता बंद पाडलं.

निवांत_नाना

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खडूस_खारीक

सगळं गोडगोड चाललंय म्हणून मी येतो. २०१७, नोव्हेंबर, ५७ वी आवृत्ती, क्वांटम. वेग आला, कबूल. पण त्यासाठी जुनी सगळी ॲड-ऑन्स एका रात्रीत मोडीत काढली. माझं टॅब मिक्स प्लस गेलं. डाउनदेमऑल नंतर परत आलं ते हातपाय तोडून. दहा वर्षं घासून घासून बसवलेलं घर होतं हो ते, कोणता टॅब कुठे उघडणार ते बोटांना ठाऊक. नवा कोल्हा सुंदर आहे, पण मला अजून वाटतं की मी कुणा दुसऱ्याच्या घरात राहतोय.

आणि ४ मे २०१९. शनिवारी सकाळी उठून बघतो तर यच्चयावत ॲड-ऑन्स बंद. कारण काय, तर त्यांचं सहीचं सर्टिफिकेट संपलं आणि नवं करायचं राहिलं. आपण गाडीची पीयूसी विसरतो तसं!

वर त्यांचं बहुतेक उत्पन्न गुगलकडून, शोधाच्या चौकटीत गुगल ठेवायचे पैसे. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच ओसरीवर जेवायचं. आता शंभरात जेमतेम दोन-तीन जण वापरतात. तरी मी वापरतोच. सोडून जाऊ कुठे, बाकी सगळे आतून क्रोमच. उरला सफारी, त्यासाठी किडनी विकावी लागेल.

ताकपिठं

खारीक, म्हणून तर धाग्याला ते नाव दिलं. कोल्हा काकडीला राजी.

पाटीपेन्सिल

मी फायरफॉक्सच्या मराठी भाषांतरात होते काही वर्षं. पाँटून म्हणून त्यांची साइट आहे, तिथे एकेक वाक्य येतं, आपण मराठी द्यायचं, कुणीतरी तपासायचं. रात्री लेक झोपली की दहा-पंधरा वाक्यं. 'बुकमार्क'ला 'वाचनखूण' हे मला आजही फार आवडतं.

पण एका वाक्याने छळलं. फायरफॉक्स कोसळून परत उघडला की इंग्रजीत तो जरा ओशाळून बोलतो, जुनी पानं परत आणता येत नाहीत म्हणतो. हे मराठीत कसं आणायचं? 'हे लाजिरवाणे आहे' लिहिलं तर वाटतं वापरणाऱ्यानेच काहीतरी केलंय. 'क्षमस्व' म्हटलं की एसटीच्या चौकशीची खिडकी. नवरा म्हणाला 'अरेच्चा' लिही. तीन दिवस डोक्यात तेच, वरणाला फोडणी देताना पण.

निवांत_नाना

पुणेरी आवृत्ती : बंद पडला आहे. कारण विचारू नये. पुन्हा पडेल.

घाटावरचा

कोल्हापुरी : इस्कोट झाला बगा सगळा. थांबा वाईच.

मालवणी_खाजा

मेल्या, येवढे टॅब कित्याक उघडलंस?

पाटीपेन्सिल

मालवणीच घ्यायला हवं होतं. त्यात निदान कारण तरी कळतं.

वांग्याचं_भरीत

मी फोन घेतलेला, फायरफॉक्स ओएसचा (मोझिलाचीच फोनसाठीची सिस्टीम). २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स, १,९९९ रुपयांत स्मार्टफोन! रॅम १२८ एमबी. कॉल आला की आधी वाजायचा, मग नाव दाखवायचा विचार करायचा, तोवर मी उचललेला असायचा. व्हॉट्सॲप नाही म्हणून मित्रांनी ग्रुपमधूनच काढलं, लग्नाची आमंत्रणं हुकली दोन. तरी लोकांना मी "हे भविष्य आहे" सांगत फिरायचो. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनीच गुंडाळायचं ठरवलं.

गंमत म्हणजे पुढे आईने जिओफोन घेतला. त्यातलं कायओएस हे त्याच फायरफॉक्स ओएसच्या खोडातून फुटलेलं. ती त्यावर भजनं ऐकायची. मी कितीदा समजावलं, आई, हा माझाच फोन आहे. ती म्हणायची, "नाही रे, हा चांगला चालतो."

ओसरीवरची

आम्ही दार्जिलिंगला गेलो होतो, तिथल्या पद्मजा नायडू प्राणी उद्यानात रेड पांडा आहेत. त्यालाच इंग्रजीत फायरफॉक्स पण म्हणतात. (लोगोत मात्र कोल्हाच आहे, शेपटी बघा.) तो झाडावर शेपूट टाकून झोपला होता आणि माझा चाळिशीचा नवरा पिंजऱ्याबाहेरून "फायरफॉक्स! ए फायरफॉक्स!" एक बंगाली कुटुंब मुलांना घेऊन लांब सरकलं.

सायबरवाला

ताकपिठं, फॉर्मचं काय झालं शेवटी? क्रोमवर भरलात की काय? एक करा, युजर-एजंट बदलायचं ॲड-ऑन घ्या. साइटला सांगायचं की मी क्रोम आहे. बऱ्याचदा ती पाटी नुसती नाव वाचून लावलेली असते, आत सगळं चालतं.

ताकपिठं

सायबरवाला!! गेला फॉर्म! फायरफॉक्समधूनच! फोटो परत चढवला, सही परत, ओटीपी परत, आणि पावती हातात. म्हणजे २००५ ला बाबांना फसवलं, आता सरकारला.

सासूबाई शेजारी बसून होत्या. पावती बघून म्हणाल्या, "झालं ना? मग परवाचं ते काय म्हणालीस ते एकदा सावकाश सांग, मला नीट ऐकू आलं नव्हतं."

निवांत_नाना

उतरवतोय फायरफॉक्स. कुणी काही बोलू नका.

जुनाट_जात्यावरची

झाले बाई एकदाचे. जाहिराती गेल्या, बातमी दिसली. बातमी काही बरी नव्हती.