प्रतिसाद: आयर्विन पुलापलीकडची सांगलवाडी

वर एकांनी सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलावरून मुलं पुरात उड्या मारायची, ते लिहिलंय. वाचून राहवलं नाही. मी पलीकडचा, सांगलवाडीचा. १९२९ साली हा पूल झाला आणि आमचं गाव शहराला जोडलं गेलं. आमची शाळा, बाजार, दवाखाना सगळं पुलापलीकडे. सकाळी दुधाचे कॅन लटकवलेल्या सायकली आणि दप्तरं सांभाळत जाणारी आम्ही पोरं एकाच वाटेनं निघायचो.

पोहायला मात्र उन्हाळ्यात शिकायचं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा घट्ट बांधून काका पाण्यात सोडायचे. दोरी काखेत काचायची, डबा मानेवर आपटायचा, नाकातोंडात पाणी जायचं. पण चार दिवसांत डबा सुटायचा!

पावसाळ्यात घराघरात एकच प्रश्न, "पुलाला किती फूट?" चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांआधी पाठ. कोयनेतून पाणी सोडलं की आजी धान्याची पोती माळ्यावर चढवायला लावायची आणि जनावरं आधी हलवायची. २०१९ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा तो माळाही पुरला नाही.

पूर ओसरल्यावर मळीत, म्हणजे नदीकाठच्या जमिनीत, गाळ साचायचा. त्या गाळातल्या वांग्यांची चव मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही. भरली वांगी करायची तर कृष्णाकाठचीच, यावर मी आजही वाद घालायला तयार आहे.