पाच टक्क्यांत प्रस्ताव बसवायचा की खरा खर्च मांडायचा?

गोदाकाठ
सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) देणाऱ्या कंपनीने ‘ॲडमिन (प्रशासकीय खर्च) पाच टक्केच’ म्हटलं की मराठवाड्यातल्या छोट्या स्वयंसेवी संस्था बजेट त्यात कोंबतात आणि उरलेले पैसे कुठून येणार हे कागदावर येतच नाही. माझं मत स्पष्ट आहे: खरा खर्च लिहा, मंजूर होत नसेल तर ते अनुदान सोडा.

उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांच्या ५० मुलांसाठी हंगामी वसतिगृह, १८० दिवस. जेवण रोजचे ७० रुपये धरले तर ६,३०,०००. दोन स्वयंपाकी महिना ८,००० ने ९६,०००. दोन काळजीवाहक महिना १०,००० ने १,२०,०००. अंथरूण-पांघरूण आणि औषधं ५४,०००. झाले ९ लाख. त्याचे पाच टक्के ४५,०००. आता संस्थेचा वर्षाचा खर्च बघा: अर्धवेळ अकाउंटंट ९६,०००, ऑडिट २५,०००, देखरेखीचा प्रवास ४८,०००, भाडं-लाइट-फोन ३६,०००. म्हणजे २,०५,०००. वरचे १,६०,००० कोण देणार? पुष्कळ ठिकाणी काळजीवाहक दहा हजारांवर सही करतो आणि तीन हजार ‘देणगी’ म्हणून परत देतो. हा खोटा हिशेब आहे, आणि तो सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या पोटातून काढलेला आहे.

मुळात पाच टक्क्यांचा अर्थच चुकीचा लावला जातो. सीएसआर नियमांतली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरायचाच नसतो. तेव्हा देखरेखीचा प्रवास ‘ॲडमिन’मध्ये टाकूच नका, तो प्रकल्पाच्या हेडमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या खर्चाच्या शीर्षाखाली लिहा.

बालाघाट
नियम बरोबर सांगितलात दादा, पण ‘सोडा’ हे पटत नाही. कंपनी आपल्या धोरणात स्वतःची मर्यादा घालू शकते, आणि समोरचा अधिकारी तेच धोरण उघडून बसलेला असतो. धारूर-वडवणीकडच्या संस्थेने अनुदान सोडलं तर दसरा झाल्यावर कोयत्याबरोबर मुलंही फडावर जातात. त्या वर्षाची शाळा परत मिळत नाही.

शिवाय पूर्ण २,०५,००० तुम्ही एकाच प्रकल्पावर टाकलेत. संस्थेचे तीन प्रकल्प असतील आणि थेट खर्च मिळून साडेबावीस लाख असेल, तर वसतिगृहाचा वाटा ४० टक्के, म्हणजे ८२,०००. पाच टक्क्यांचे ४५,००० वजा केले की ३७,००० उरतात. एवढे लोकवर्गणीतून उभे राहतात. ही वाटणी थेट खर्चाच्या प्रमाणात करायची असा ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच विश्वस्तांच्या बैठकीत घ्या. मार्चमध्ये सोयीने आकडे फिरवले तर ऑडिटर विचारणारच.

गोदाकाठ
वाटणीचं मान्य. पण ते ३७,००० प्रस्तावात ‘संस्थेचा वाटा’ म्हणून वेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत. लपवले की पुढच्या वर्षी तोच कमी दर पाया धरला जातो आणि ‘गेल्या वर्षी एवढ्यात भागलं होतं, आता का नाही?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही. पहिल्या वर्षी स्वस्तात करून दुसऱ्या वर्षी वाढवून घेऊ, हे जवळजवळ कधीच जमत नाही.

हिशेबवही
टक्क्यांवर वाद चाललाय, पण वसतिगृहाचा प्रकल्प अडतो तो तारखेवर. १५ ऑक्टोबरला सुरू केलं तर १८० वा दिवस १२ एप्रिलला येतो. शेवटच्या १२ दिवसांचं जेवण, म्हणजे ४२,००० रुपये, ३१ मार्चच्या पलीकडे पडतात. पट्टा पडून (कारखान्याचा हंगाम संपून) आई-बाप परत येईपर्यंत मुलांना घरी पाठवता येत नाही. मग कंपनी ‘मार्चआधी सगळं खर्ची दाखवा’ म्हणते आणि किराणा दुकानातून मागच्या तारखेची बिलं येतात. इथेच संस्था फसते.

यावर कायद्यातच वाट आहे. प्रस्तावात कालावधी दोन आर्थिक वर्षांचा लिहा आणि कंपनीच्या संचालक मंडळाकडून तो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालतो. न वापरलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते. पैसे संस्थेच्या खात्यात आले म्हणजे ते खर्च झाले असंही नाही. ते ठरल्या कामासाठी वापरले गेल्याचं कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून उपयोगिता प्रमाणपत्रात (निधी कसा वापरला याच्या दाखल्यात) खर्च आणि शिल्लक दोन्ही खरे लिहा.

आता व्हाउचर. आठवडी बाजारातला भाजीवाला बिल देत नाही. अशा वेळी संस्थेचं व्हाउचर करा: तारीख, विकणाऱ्याचं नाव व सही, मालाचं वजन, दर, घेणाऱ्याची सही. त्याच दिवशी साठा नोंदवहीत आवक लिहा. तपासणीला आलेला माणूस व्हाउचर एकटं बघत नाही, त्या दिवसाची हजेरी शेजारी ठेवतो. संक्रांतीला सात मुलं गावी आजीकडे गेली, हजेरी ४३ आणि जेवणाचा खर्च ५० चा, तर आक्षेप ठरलेला. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका. तो खर्च आयकरात धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरला जात नाही.

तेरणा
पैसा कुठला आहे ते आधी बघा, सगळ्यांना एकच नियम लावू नका. विदेशी निधीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. केंद्राच्या अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज परत भरावं लागतं. ते ‘उत्पन्न’ समजून खर्चून टाकलं की पुढचा हप्ता अडकतो.

गोदाकाठ दादांशी एका बाबतीत पूर्ण सहमत आहे: कमकुवत प्रस्ताव स्वस्त करून विकू नये. पण प्रस्ताव कमकुवत असतो तो बहुतेकदा गरजेच्या पानावर. ‘मराठवाडा दुष्काळी आहे, स्थलांतर फार आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्याच शाळेची सप्टेंबर आणि जानेवारीची हजेरी इयत्तेनुसार शेजारी मांडा. किती मुलं गळतात ते एका तक्त्यात दिसतं. आणि बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची पाहणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करा. डिसेंबरला गेलात तर घरात म्हातारी माणसं तेवढी भेटतात.

बालाघाट
तारखेचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, तो घ्यायलाच हवा. अनुदान सोडण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. सोडण्याआधी करारात दोन कलमं मागा. एक, हेडमधून हेडमध्ये दहा टक्क्यांपर्यंत रक्कम हलवायची मुभा आणि त्यापुढे ईमेलवर लेखी परवानगी. दुसरं, पहिला हप्ता सप्टेंबरअखेर आणि निदान निम्मा. किराणा, गाद्या, स्वयंपाकी हे सगळं दसऱ्याआधी लागतं. हप्ता डिसेंबरात आला तर दुकानदाराची उधारी चढते आणि मग दर तोच ठरवतो.

गोदाकाठ
ही दोन कलमं लेखी मिळाली तर ४५,००० वरही सही करायला माझी हरकत नाही, फक्त ३७,००० ची ओळ बजेटमध्ये ठेवून. तोंडी कबूल झालं तर नाही. अधिकारी बदलतो आणि नव्याच्या हातात फक्त करार असतो.